कातरिनचा कोनाडा

आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला, खांबाला लागून जो लाकडी कोनाडा दिसतो, तो वर्षभर रिकामा असतो. सणाच्या दिवशी मात्र त्यात गावातली एक मुलगी पेटती मेणबत्ती घेऊन उभी राहते, ती मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, संपेपर्यंत. मघाशी तुम्ही विचारलंत की इथला एखादा जुना कोरीव देवदूत मिळेल का, हॉलमध्ये सोफ्याच्या मागे छान दिसेल. आधी या कोनाड्याचं ऐका, मग काय मागायचं ते मागा.

फार पूर्वी आमच्या या खारमाळ गावात बस्त्याव नावाचा सुतार होता, असं सांगतात. त्याची आणि इजाबेलची एकुलती एक पोर, कातरिन, देवीच्या साथीत गेली. त्या काळी गरिबाघरी फोटो कुठला असणार? बापाने परसातलं फणसाचं झाड पाडलं आणि त्यातून देवदूत कोरला. पंख देवदूताचे, चेहरा पोरीचा. तिचं बसकं नाक, जरा पुढे आलेला खालचा ओठ, विळीवर पडून कापलेली भुवई, सगळं जसंच्या तसं. तळहातात मेणबत्ती बसवायला एक खोबण ठेवली. रंग काही दिला नाही.

देवदूत या कोनाड्यात बसला आणि पुढे बस्त्यावही वारला. इजाबेल मग एकटीच राहिली. रोज सकाळी ती इथे यायची, पोरीचा चेहरा डोळे भरून बघायची आणि कामाला जायची. तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

त्याच सुमारास गावच्या कायतान साहेबांनी नवं घर बांधलं. मोठे बागायतदार ते. दिवाणखान्यात त्यांना काहीतरी जुनं, नक्षीकामाचं हवं होतं. ते गावकऱ्यांना म्हणाले, 'हे लाकूड काळवंडलंय, वेदीपाशी शोभत नाही. त्याच्या बदली मुंबईहून प्लॅस्टरची मूर्ती आणून देतो, गोरीपान, सोनेरी पंखांची.' आणि आमचे शहाणे पूर्वज भुलले. हे इतर कुठल्या गावाला सुचलं नसतं, पण आमच्या लोकांनी बँड लावून, नाचत नाचत तो देवदूत साहेबांच्या घरी पोचवला. नव्या मूर्तीचे गुलाबी गाल बघून बायका म्हणे हरखून गेल्या होत्या. मला हे सांगतानाही लाज वाटते.

इजाबेलने पाद्रींचे पाय धरले. 'बाकी सगळं न्या, तोंड तेवढं ठेवा,' असं ती म्हणाली, म्हणे. पाद्री म्हणाले, 'बाई, लाकडावर एवढा जीव लावू नये.'

पुढे साहेबांच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. स्वयंपाकाला गावातल्या बायका बोलावल्या, त्यांत इजाबेल होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती दिवाणखान्यात गेली. देवदूताच्या दोन्ही पंखांत खिळे ठोकले होते आणि त्यांवर पाहुण्यांच्या हॅटा टांगल्या होत्या. बाजूला एक ओली छत्री गळत होती. तळहातातल्या खोबणीत विड्यांची थुंकी आणि चिरुटाची राख साचून लगदा झाला होता. तिच्या डोळ्यांदेखत एका पाहुण्याने त्यातच चिरूट विझवला. शी. ऐकूनच अंगावर काटा येतो, तिचं काय झालं असेल?

पदराने तिने ती खोबण पुसली आणि निघून आली.

सणाच्या दिवशी लोक चर्चमध्ये आले, तर प्लॅस्टरची मूर्ती भिंतीकडे सरकवलेली आणि कोनाड्यात स्वतः इजाबेल उभी. उघड्या तळहातावर पेटती मेणबत्ती. 'ही जागा माझ्या पोरीची आहे,' एवढंच ती म्हणाली. मिस्सा चालू असताना समुद्रावरून वारा सुटला आणि चर्चमधली एकूण एक मेणबत्ती विझली. तिची तेवढी तेवत राहिली, असं सांगतात. मी काही पाहायला नव्हतो. पण मेण तळहातावर ओघळून कातडी सोलून निघाली तरी तिने हात हलवला नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

साहेब घाबरले. पण जसा नेला तसा देवदूत परत करावा, तर त्यात त्यांची शोभा कुठली? त्यांनी आधी त्याला 'नीट' करायला लावलं. बसक्या नाकावर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून ते सरळ केलं, पुढे आलेला ओठ तासला, कापलेली भुवई बुजवली, आणि वर गोरा रंग, लाल ओठ. मग मोठ्या मनाने धाडून दिला.

इजाबेल त्याच्याजवळ गेली. नखाने तिने रंग खरवडला, तर लांबी निघाली. लांबीखाली तासलेलं लाकूड, त्यात ओळखीचं काही उरलं नव्हतं. 'ही माझी नव्हे,' ती म्हणाली. तिने तो देवदूत नवऱ्याच्या शेजारी मातीत पुरला आणि कोनाड्यात पुन्हा लाकूड, प्लॅस्टर काही बसवू दिलं नाही. त्या दिवसापासून गावाची मान खाली गेली, ती आजतागायत.

म्हणून आजही सणाच्या सकाळी कोनाड्यात मुलगीच उभी राहते. सगळं गाव नटतं, पण तिच्या तोंडाला पावडरसुद्धा लावत नाहीत. व्रण असो, फोड असो, जसा असेल तसा चेहरा. मिस्सेच्या आधी गावातली, मूल गेलेली एक आई पुढे होते, त्या पोरीचा चेहरा ओंजळीत धरते, नीट न्याहाळते आणि म्हणते, 'ओळखलं.' ते म्हटल्याशिवाय मेणबत्ती पेटवत नाहीत.

गेल्या वर्षी ते माझ्या बायकोने म्हणायचं होतं. तिला फार वेळ लागला, आणि सगळं चर्च थांबून राहिलं.