पायाच्या हाडातला तडा

“…आणि बसून राहिलो, आणि त्यातच काही झालं तर, भन्ते?”

हा प्रश्न संघपाल इंगोलेनं विहाराच्या पायरीवर उभ्याउभ्याच विचारला. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात पोटरीपर्यंत पट्ट्यांनी आवळलेला काळा बूट. वंदन करायला गुडघे टेकता येईनात, म्हणून नुसते हात जोडून उभा होता.

भन्ते उपसेन ओसरीत बिनदुधाचा चहा पीत बसले होते.

“काही म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“दादाला झालं तसं.”

भन्तेंनी समोरच्या खुर्चीकडं हात केला. संघपाल बसला नाही.

हिंगोलीबाहेरच्या टेकडीवरचा हा विहार लहानसा. भन्ते तिथं एकटेच राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढं. संघपाल गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. वय पंचेचाळीस. कुणाकडं सल्ला मागायला जाण्याची त्याला सवय नव्हती. त्या दिवशीही तो आपण होऊन आला नव्हता. बायकोनं, यशोधरेनं, रिक्षा बोलावून त्याला पाठवलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ धम्मपाल गेला. सकाळी ऑफिसला निघताना आरशासमोर केस विंचरत होता. खालच्या मजल्यावर संघपालला कंगवा पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ माणूस पडल्याचा. तो जिना चढून वर धावला. भाऊ गेलेला होता. अठ्ठेचाळिसावं वर्ष.

त्या क्षणी आपल्याला धाप लागली होती, हे संघपाल विसरला नाही. सोळा पायऱ्या चढून आपण धापा टाकतो… एवढंच डोक्यात राहिलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकला आणि त्यानं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, वजन थोडं कमी करा, रोज अर्धा तास चाला.

तो चालला नाही. पळाला.

शाळा सुटल्यापासून तो कधी पळाला नव्हता. पहिल्या दिवशी एक किलोमीटर, आठवड्यानं पाच, तिसऱ्या आठवड्यात औंढ्याच्या रस्त्यानं दहा. एक दिवसही खाडा नाही. स्टाफरूममध्ये खुर्चीत बसलेल्या सहकाऱ्यांना तो सांगू लागला, की तुम्ही बसल्या बसल्या मरणार आहात. हसून सांगायचा, पण हसणं वरवरचं असायचं.

चौथ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला टाचणी टोचावी तसं दुखू लागलं. पट्टी बांधून तो पळाला. पाऊल सुजलं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, यात काही दिसत नाही. पण तडा सुरुवातीला कधीकधी दिसत नाही, पक्कं कळेपर्यंत पळू नका. त्यानं पहिलंच वाक्य ऐकलं आणि आणखी आठवडाभर पळाला.

मग एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि तो तसाच परत वर घ्यावा लागला.

नांदेडला एमआरआय झाला. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक तडा होता. मार लागून गेलेला नव्हे. सवय नसलेल्या हाडावर रोज तेच ओझं आदळून गेलेला. डॉक्टरांनी बूट दिला. दीड महिना पळणं बंद, चालणंही गरजेपुरतं. ऐकलं नाही तर हाड आरपार मोडेल आणि मग स्क्रू घालावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलं.

हे सगळं त्यानं भन्तेंना उभ्याउभ्याच सांगितलं.

“काल सकाळी बूट काढला, भन्ते. गच्चीवर गेलो. वीस पावलं पळालो.”

“दुखलं?”

“डोळ्यांपुढं अंधारी आली.”

“मग?”

“मग यशोधरा वर आली.”

तिनं खाली बसून त्याच्या पायात बूट चढवला आणि पट्टे आवळले. दादाची बायको खाली स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून दोघंही गप्प राहिली होती.

भन्तेंनी विचारलं, पायाचं एवढं स्पष्ट सांगितलेलं असताना पळालास कशाला?



“आडवा झालो की कान उशीला लागतो,” तो म्हणाला. “आणि आतलं ऐकू येतं. ठक… ठक… मी मोजत राहतो. एक ठोका झाला की दुसरा येईपर्यंत श्वास धरून थांबतो. दुपारी पडलो तरी तेच, खुर्चीत बसलो तरी तेच. पळत असताना हे नव्हतं.”

“पळताना ठोके नव्हते?”

“होते. मला ऐकू येत नव्हते.”

भन्तेंनी कप बाजूला ठेवला. ओसरीतलं लाकडी स्टूल पायानं पुढं सरकवलं आणि बूट त्याच्यावर ठेव अशी खूण केली. त्यासाठी संघपालला खुर्चीत बसावंच लागलं.

मग भन्ते त्याच्याजवळ सरकले. खांद्यावरचं चीवर बाजूला केलं, त्याचा उजवा हात धरला आणि आपल्या उघड्या छातीवर ठेवला.

“मोज,” ते म्हणाले.

संघपालनं मोजायला सुरुवात केली.

दोन ठोके लागोपाठ आले. मग एक उशिरानं. मग तीन, घाईघाईनं, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. मग…

काहीच नाही.

संघपालनं भन्तेंच्या तोंडाकडं पाहिलं. ते समोरच्या रस्त्याकडं बघत होते.

ठक.

त्यानं हात झटक्यात मागं घेतला. “भन्ते, हे बरोबर नाहीये. आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. रिक्षा खाली उभीच आहे.”

भन्तेंनी शांतपणे सांगितलं, की हे अकरा वर्षांपासून असंच आहे. डॉक्टरांना ठाऊक आहे. गोळ्या चालू आहेत, आजची सकाळीच घेतली, आणि पुढच्या मंगळवारी दाखवायला जायचं आहे. एवढं सांगून त्यांनी पुन्हा त्याचा हात धरला.

“ठेव.”

“नको, भन्ते.”

“ठेव, बाळा.”

त्यानं हात ठेवला. त्या हाडकुळ्या छातीच्या आत काहीतरी चाचपडत चाललं होतं. दर वेळी ते अडखळलं की संघपालला दादा दिसायचा, फरशीवर पडलेला. आता संपलं, असं त्याला दर वेळी वाटायचं. मग पुढचा ठोका यायचा.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. कधीतरी मोजायचं राहून गेलं होतं. भीती गेली नव्हती, हे तो शपथेवर सांगतो. पण पायरीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं, खाली रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला होता, आणि सबंध वेळ त्याचा पाय स्टुलावर होता.

ही हकीकत मला संघपालनंच सांगितली. पाऊल बरं व्हायला सात आठवडे लागले. बूट निघाल्यावर तो आधी दहा मिनिटं चालायला लागला, मग अर्धा तास. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली तेव्हा त्यानं त्यांना विचारलं, की आठवड्यातून किती दिवस पळायचं नाही. स्टाफरूममध्ये आता तो कुणाला काही सांगत नाही. कधीकधी उशीला कान लावून पडतो आणि अजूनही घाबरतो.

त्या दिवशी निघण्यापूर्वी त्यानं छातीवरचा हात काढला आणि भन्तेंना विचारलं,

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते ना.”

“रोज?”

“रोज.”

“मग… तुम्ही काय करता, भन्ते?”

भन्तेंनी चीवर खांद्यावर ओढून घेतलं.

“बसल्या जागी वाटू देतो,” ते म्हणाले.