तुळाजी गवंड्याची भट्टी

गोष्ट फार जुनी आहे. ती पाहिलेल्यांची नातवंडंही आता उरली नाहीत. बोरखेडात तुळाजी नावाचा गवंडी होता. जन्मभर लोकांची घरं बांधून तो पार दमला होता. "आता थापी हातात धरणार नाही," असं तो रोज म्हणायचा आणि रोज कुणीतरी त्याला हाक मारायचं.

एका वर्षी नदी गावात शिरली. चुली विरघळल्या, सरपण भिजलं, गहू आंबायला लागले. तेव्हा तुळाजीनं टेकाडावर साऱ्या गावाचे रोडगे भाजायला एकच घुमटाची भट्टी बांधायला घेतली. लोकांनी चुना आणला, तो त्यानं परत धाडला. आगीपुढे चुना टिकत नाही. त्यानं पांढऱ्या मातीत भुसा आणि गाढवाची लीद घालून ती पायांनी तुडवली, घुमट उभा केला आणि तिथंच आडवा झाला.

तो झोपला आणि लोकांचा धीर सुटला. गावात होतं नव्हतं ते कोरडं लाकूड त्यांनी आत कोंबून पेटवलं. ओली भट्टी ती! घुमट फुटून खाली बसला.

तुळाजी उठला. ओरडायलाही त्याच्या अंगात बळ नव्हतं. त्यानं पुन्हा माती तुडवली. ती त्याच्या घामानंच भिजली, पाणी लागलंच नाही, असं म्हणतात. घुमट पुन्हा उभा राहिला.

कोरडं लाकूड आता फक्त त्याच्या टेकाडावरच्या घराच्या छपराला होतं. त्यानं तेच उतरवलं. आधी छपराच्या काड्या भट्टीत घातल्या, मूठमूठ, जाळ विझू न देता.

शेजारची बायजा रडत आली. "आबा, लेकरं उपाशी हायेत. मोठा जाळ घाला ना!"

"हिला आधी सुकू दे, बाई. मंग सागाचे वासे घालतो. मी बी लई दमलोय."

शेवटी वासे पेटले. घरोघरचे रोडगे भाजून होईपर्यंत त्यातला एकही वासा सरला नाही, असं म्हणतात. बायजा पहिला रोडगा घेऊन गेली, तर तुळाजी भट्टीला टेकून बसलेला. "झोपू दे त्याला," लोक म्हणाले. दिवस कलताना कुणीतरी हात लावला. भट्टी अजून ऊन होती, आबा गार पडला होता. सारं गाव ढसाढसा रडलं.

आजही बोरखेडात नवी भट्टी बांधली की बांधणाऱ्याला आधी झोपायला लावतात. तो आपणहून उठेपर्यंत कुणी काडी ओढत नाही, मग गाव कितीही भुकेलं असो.