जुनं वाजवा

“वाईट आहे की नाही, तेवढंच सांगा.”

गार्गी टिपणीस अंगणात उभी राहूनच विचारत होती. ओसरीवर यायलाही ती तयार नव्हती.

बस्त्याव सर एका गिटारला नव्या तारा बसवत होते. वसईतल्या आपल्या केळीच्या वाडीत राहून त्यांनी गावातल्या कितीतरी मुलांना गिटार शिकवली. गार्गी त्यांतलीच. आता तिचा स्वतःचा बँड होता. पहिलाच अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला होता, आणि तेव्हापासून सरांकडे तिचं येणं कमी झालं होतं.

“कुठला अल्बम?” सरांनी विचारलं.

“गंधकचा. नवा.”

“ऐकला. वाईट आहे.”

ती भांडायच्या तयारीने आली होती. सर काहीतरी बाजू घेतील, कलाकाराला समजून घ्यावं असं काहीतरी म्हणतील, आणि मग आपण त्यांना खोडून काढू, असं तिने गाडीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. आता खोडायला काही उरलंच नाही.

ती ओसरीवर येऊन बसली.

मग मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘गंधक’ हा बँड ऐकूनच तिने गिटार हातात घेतली होती. त्यांचा गायक रोहिदास गायला लागला की घरातल्या भांड्यांनाही कंप सुटायचा. आधीच्या अल्बममधलं एकही गाणं टाकाऊ नाही. आणि आता हे. ड्रम जवळजवळ नाहीतच. गिटार कुठेतरी लांब, शेजारच्या घरात वाजावी तशी. रोहिदास गात नाही, पुटपुटतो. एका गाण्यात तर तो पेटी घेऊन बसलाय, आणि ती पेटीही त्याला धड येत नाही.

“ही फसवणूक आहे,” ती म्हणाली.

“कोणाची?”

“आमची. ज्यांनी त्यांना मोठं केलं त्यांची.”

सरांनी खुंटी पिळली, तार कान लावून ऐकली, थोडी सैल केली...

मग तिने पुण्यातला प्रकार सांगायला घेतला. खरं तर तोच सांगायला ती आली होती.

पुण्यात गंधकचा मोठा कार्यक्रम होता. त्यांच्या आधी वाजवायला गार्गीच्या बँडला बोलावलं होतं. नाव रोहिदासनेच सुचवलं होतं म्हणे. तिचं वाजवणं छान झालं. मग ती खाली उतरली आणि गर्दीत अगदी पुढे जाऊन उभी राहिली.

गंधकवाले आले. रोहिदास पेटी घेऊन खाली बसला आणि नवं गाणं सुरू केलं. लोक चुळबुळ करायला लागले. कोणी मोबाइल काढले, कोणी चहाला गेले. दुसऱ्या कडव्यात वर जाताना रोहिदासचा आवाज चिरकला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, जुनं वाजवा.

“कोण ओरडलं?”

“मी.”

तिने मान ताठ ठेवूनच सांगितलं.

मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. रोहिदासचा हात पेटीवर तसाच राहिला. त्याने खाली पाहिलं. गर्दीत नाही, तिच्याकडेच. मग त्याने पेटी बाजूला सारली, उठून गिटार गळ्यात अडकवली आणि जुनी गाणी सुरू केली. एकामागून एक, मध्ये एक शब्द न बोलता. लोक वेडे झाले होते.

“मग झालं की तुझ्या मनासारखं,” सर म्हणाले.

“नाही झालं.”

हेच तिला सलत होतं. एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. पण ऑफिसात येऊन सही करून जावं तसं ते वाजवत होते. जी गाणी ऐकून ती एकेकाळी रडली होती, ती तिच्यासमोर वाजत होती आणि त्यांत कोणीच नव्हतं.

“नवं बिघडवलंच, सर. आता जुनंही बिघडवलं. मुळात वाईटच असते तर मला राग आला नसता. इतकी चांगली माणसं असं का करतात?”

सरांनी तार पुन्हा छेडून पाहिली. मग त्यांनी भलतंच विचारलं. तुझ्या दुसऱ्या अल्बमचं काय चाललंय?

ती उडवाउडवी करायला लागली. बँडमधल्या सगळ्यांचं म्हणणं होतं की पहिल्यासारखंच करूया, लोकांना तेच हवंय. तिचंही तेच म्हणणं होतं. जवळजवळ. एक गाणं मात्र निराळं होतं, आणि ते तिने अजून कोणालाच ऐकवलं नव्हतं.

“का?”

तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली होती. आता एकेक शब्द परत येत होता, पण मोडका, अर्धा. त्यांच्या उशाशी बसून बसून तिला ते गाणं सुचलं होतं. त्यात ठेका मध्येच तुटायचा. ओळ पुरी व्हायची नाही. लोक नाचतील असं त्यात काहीच नव्हतं.

सरांनी हातातली गिटार तिच्यापुढे धरली.

“वाजव.”

तिने थोडे आढेवेढे घेतले. मग डोळे मिटून सुरुवात केली.

“जुनं वाजव,” सर म्हणाले.

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ती वाजवत राहिली.

“जुनं वाजव.”

आवाज चढलेला नव्हता. तिचं बोट तारेवरून निसटलं. तिने तीच ओळ पुन्हा घेतली.

तिसऱ्यांदा सर इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या वाडीत विहिरीवर कपडे धुणारी बाई वळून पाहायला लागली.

गार्गीचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत सरांनी तिला असं कधी तोडलं नव्हतं.

“सर, बाबांचं गाणं आहे हे. अजून धड सुरूही झालेलं नाही. निदान शेवटपर्यंत तरी जाऊ द्या मला.”

सर तिच्याकडे पाहत राहिले...

तिची नजर हळूहळू खाली गेली. विहिरीवर पुन्हा कपडे आपटल्याचा आवाज येऊ लागला.

शेवटी तिने विचारलं, “ती पेटी... रोहिदासने का घेतली असेल?”

“मला माहीत नाही. तू होतीस ना समोर?”

तिने तारांवरून उगाच बोट फिरवलं.

“म्हणजे अल्बम चांगला आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“नाही. अल्बम वाईटच आहे.”

तिने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाली, हे गाणं राहूच दे. कोणाला ऐकवायची गरज नाही. आम्ही पहिल्यासारखंच काहीतरी करू. आणि ती जायला उठली.

“उचल ती.”

ती जागीच थांबली. सर खरोखर रागावले होते. ती आल्यापासून पहिल्यांदाच.

तिने गिटार उचलली. बसली. बोटं तारांवर ठेवली, पण ती काही केल्या हलेनात.

“पहिल्यापासून घे,” सर म्हणाले. “मी ओरडणार आहेच.”