सोंग प्रवाशाचं

हेमाआत्या आयुष्यात पहिल्यांदाच क्रूझवर निघाली होती, मला सोबत घेऊन. आणि नेमकी त्याच सकाळी शहराची मॅरेथॉन होती. टॅक्सीवाल्याने आम्हाला बॅगांसकट रस्ता अडवणाऱ्या दोरीपाशी उतरवलं. बंदर याच रस्त्याच्या टोकाला होतं, पण दोरी धरून संयोजक दाभाडेसाहेब उभे होते. छातीवर बिल्ले इतके, की शर्ट दिसत नव्हता.

"जाऊ द्या हो, जहाज सुटेल," आत्या म्हणाली.

"मंत्री आले तरी सोडणार नाही. रस्ता फक्त स्पर्धकांचा!"

समोरून हौशी स्पर्धक सोंगं घेऊन धावत होते. कुणी झाड झालं होतं, कुणी वडापाव. आत्याने बॅगेवरचं जहाजाचं लेबल सोडवून पदरावर टोचलं. त्यावर खोलीचा नंबर ठळक छापलेला होता, अगदी धावणाऱ्यांच्या छातीवरच्या नंबरासारखा.

"मग आम्हीही स्पर्धक. सोंग प्रवाशाचं."

"बॅगा घेऊन कोणी धावतं का?"

"त्या वडापावला विचारलंत का, तळून कशाला आलास म्हणून?"

बघे खो खो हसले. साहेबांनी नंबर निरखला आणि घाईघाईने दोरी उचलली. आम्ही बॅगा खडखडवत सुटलो.

"वा! घाई अगदी खऱ्या प्रवाशासारखी!" साहेब मागून ओरडले.

"मग टाळ्या वाजवा की!"

आम्ही बंदराच्या फाटकातून आत शिरेपर्यंत ते टाळ्या वाजवत होते.