उग्रकाच्या डोक्यावरचे ढेकूळ

चंपानगरीवर अरिंदम राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वांनी जवळच्याच एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला. नाव सोमिल. त्यांच्या शेताला लागून उग्रकाचे शेत होते.

उग्रकाला बांध कोरायची खोड होती. दर नांगरटीला तो फाळ थोडा पलीकडे घाली आणि कोरलेली माती बांधाच्या दुसऱ्या अंगाला टाकी. असा तो बांध वर्षानुवर्षे सोमिलांच्या रानात सरकत गेला. सोमिल बोलत नसत. त्यांची बायको खेमा मात्र एक दिवस थेट गावच्या ग्रामणीकडे तक्रार घेऊन गेली.

त्या गावात शिवेचा निवाडा ठरलेल्या रीतीने होई. दोघांपैकी एकाने आंघोळ करून कण्हेरीच्या लाल फुलांची माळ घालायची, शेतातले ढेकूळ डोक्यावर घ्यायचे आणि हद्द चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. खोटे चालला तर पंधरवड्यात त्याच्या घरातले माणूस जाते, असे सगळे मानीत. ढेकूळ मध्येच उतरवले, तर खोटा ठरून सगळे शेत गेले.

"कोण चालतं?" ग्रामणीने विचारले.

"मी चालतो! भितो की काय कुणाला?" उग्रक ओरडला.

सोमिल भिडस्त माणूस आहे, 'राहू दे, मिटवू' म्हणेल, असा त्याचा अंदाज होता. तो चुकला. माळ गळ्यात पडली, ढेकूळ डोक्यावर आले, तरी कोणी राहू दे म्हणाले नाही.

मग उग्रकाला सून आठवली. तिचे दिवस भरत आले होते. तो आंघोळीला निघाला तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि म्हणाली होती, "मामंजी, ऊन फार आहे, लवकर या."

त्याचे पाय हलेनात. ढेकळाची माती घामात विरघळून कानामागून खाली येऊ लागली. मिटल्या तोंडाने उभ्या माणसाची गावाला मोठी मौज वाटते. कोणीतरी म्हणाले, "काय उग्रकदादा, मूळ धरलं का पायांनी?" लोक हसले.

सोमिलांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ते पुढे आले.

"ग्रामणी, तो चालायच्या आधी माझं ऐका. आज बांध जिथं आहे, तिथपर्यंतची जमीन मी उग्रकदादाला दिली. पंचांसमक्ष दिली. आता ती त्याचीच. दादा, चाल आता बांधाबांधानं. खोटं होणार नाही."

"दिली?" खेमा कडाडली. "चोराला वरून दान? आणि आपण काय माती खायची?"

"थोडं कमी खाऊ," सोमिल म्हणाले. "त्याच्या घरात लेकरू येतंय."

खेमाने तोंड फिरवले. तिला ते पटले नाही आणि तिचे काही चुकलेही नव्हते.

उग्रकाची मान ओझ्याखाली ताठ होती, त्यामुळे त्याला खाली बघता येईना. आपल्या मनातले या माणसाने कसे ओळखले, याचाच त्याला आधी राग आला. मग तो चालू लागला. पण बांधाने नव्हे. तो वळून स्वतःच्या उभ्या जवात शिरला. ओंब्या मोडत, पायाखाली पीक तुडवत, सरळ रेषेत गेला. जुना बांध कुठे होता हे गावात त्याच्याएवढे कोणालाच ठाऊक नव्हते. कोरणारा तोच होता.

"अरे, ती जमीन आता तुझी आहे!" ग्रामणी ओरडला. "इकडून ये!"

"माहितीये मला," उग्रक म्हणाला, पण थांबला नाही.

शेताच्या टोकाला पोचल्यावर त्याने ढेकूळ उतरवले आणि सोमिलांना म्हणाला, "इथं बांध घाल. उद्या मीही फावडं घेऊन येतो. आणि आता एक शब्द बोलू नकोस."



विहाराशेजारच्या कुंपणावरून भांडत आलेल्या दोघा गृहस्थांना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उग्रक म्हणजे तुमच्यातला हा थोरला, खेमा म्हणजे दाराशी उभी असलेली ही उपासिका, आणि सोमिल मीच होतो. शेजाऱ्याला खोटे पाडण्याआधी खोट्यातून सोडवावे. यालाच अनुकंपा म्हणतात."