धुपाविना सांज

“आता आणखी कोणतं व्रत धरू, माई?”

नदीकाठच्या मठात दर्शन आटोपून वत्सला सोवळ्यातच बसली होती. मांडीवर तान्ही मृदुला. समोर मठातल्या वृद्ध काशीमाई वाती वळत होत्या.

लेकीला इसब होतं. कोपराच्या लवणीत, मानेच्या घडीत पोर रक्त येईस्तोवर खाजवायची. तिला झोप नाही, म्हणून आईलाही नाही.

डॉक्टरांनी मलम देऊन बजावलं होतं, धूळ, धूर, लोकर, उग्र वास लांब ठेवा. वत्सलाने सतरंज्या काढल्या, साबण बदलला, लाडकं मांजर जावेकडे धाडलं. वर सोमवार, संकष्टी. हे सांगताना तिचा स्वर जरासा ताठ झाला.

“पूजेलाही हिला मांडीवरच घेते, माई. सांजेला धूप फिरवते, तो आधी हिच्यावरून. आता निर्जळी उपास करीन म्हणते.”

माईंनी वात खाली ठेवली. पुढे सरकून आपला सुरकुतलेला गाल वत्सलाच्या लोकरी धाबळीवर टेकवला. हळूच घासला. लोकर टोचली तसे त्यांचे डोळे मिटले.

“सोवळ्याचं वस्त्र ते, माई. देवाचं कसं बाधेल?”

“देवाला कातडी आहे का गं?”

वत्सलाची नजर लेकीच्या मानेकडे गेली.

माईंनी पोर मागून घेतली. कोमट पाण्याने न्हाऊ घातली, टिपून कोरडी केली, डॉक्टरांचंच मलम लावलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या आपल्या सुती लुगड्यात गुंडाळली.

मंत्र ऐकू येईल म्हणून वत्सला कान देऊन होती. नुसतं पाणी वाजत होतं.

देवापुढे निजवलेल्या मृदुलेच्या मुठी एकेक बोट करत सैल पडल्या. श्वास संथ झाला. लेकीचे उघडे तळवे वत्सलाने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

तिने आवाज न करता धाबळी उतरवली. आतल्या सुती पातळाचा पदर सावरला आणि लेकीजवळ टेकली.

सांज झाली. पुजारी धुमसतं धुपाटणं घेऊन आले. माईंनी ते उंबऱ्यावरच अडवलं, अंगणात नेलं, निखाऱ्यांवर राख लोटली. पुजारी बघतच राहिले.

वत्सलाला राहवेना. “माई… आज देव धुपाविना?”

“त्यालाच विचारलं,” माई कुजबुजल्या. “म्हणाला, आत्ता कुठे डोळा लागलाय.”