बारकूला हवा परवाना

“शिकाऊ माणसाने परवान्याशिवाय कुठल्याही मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही! आणि परवाना हवा असेल, तर स्वतःच्या हाताने जनावर भरून दरबारात आणून दाखवायचं!”

सोनतळच्या महाराजांनी हुकूम सोडला आणि बारकू चक्रावला. जनावर भरायला परवाना हवा, अन् परवान्याला भरलेलं जनावर हवं. मग सुरुवात करायची कुठून?

हुकूम निघाला होता तो बारकूमुळेच. त्याचा थोरला भाऊ केरबा महाराजांनी मारलेल्या जनावरांत पेंढा भरून ती पुन्हा उभी करायचा. त्याने उभं केलेलं हरीण बघून कुत्री भुंकायची! पावसाळ्यात केरबा तापाने गेला आणि एक वाघ अर्धाच राहिला.

“दादाचं काम मी अर्धं ठेवणार नाही!” म्हणत बारकू तडक कामाला लागला. कुणाला विचारलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. डोळे पुसत पुसत हाताला लागेल तिथे पेंढा कोंबत गेला. वाघाचे गाल असे फुगले, की दोन्हीकडे एकेक लाडू धरून बसलाय असं वाटावं. पाहुणे आलेले एक राजेसाहेब म्हणाले, “महाराज, याला गोळी घातलीत की जेवायला घातलंत?”

सगळा दरबार हसला. महाराज सोडून!

हुकूम ऐकून बारकू हात जोडून उभा राहिला. “महाराज, निदान कोंबडीवर हात बसवू द्या.”

“मेलेली असेल तर नाही!”

“उंदीर?”

“नाही!”

“बेडूक तरी?”

“मारायचंही नाही आणि मेलेल्याला शिवायचंही नाही! नियम म्हणजे नियम!”

शिकारखान्याचे कारभारी अंताजीपंत पुढे सरसावले. “महाराज, दसऱ्याच्या दरबारापर्यंत याने परवाना मिळवला नाही, तर केरबाची कामाची खोली रिकामी करावी. हत्यारं भंगारात घालू. माझ्या गाईंना गोठा कमी पडतोय.”

“करा!” महाराज म्हणाले.

पंतांनी त्याच दिवशी खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. आत केरबाची सुरी होती, सुया होत्या. सुरीच्या लाकडी मुठीवर त्याच्या बोटांचे खळगे पडले होते. बारकू दाराला डोकं टेकून उभा राहिला. पंत म्हणाले, “बाजूला हो रे, शेणाची पाटी ठेवायचीय.”

घरी येऊन बारकूने चुलीजवळची कळशी लाथेने उडवली.

“कळशीनं काय केलंय तुझं?” वहिनी म्हणाली. “पाय दुखला ना? आता जा, सरपण घेऊन ये.”

बारकू परसात गेला. लाकडांच्या ढिगाला हात घातला आणि ओरडतच मागे उडाला. ओंडक्यांना वेटोळं घालून नाग पडला होता! पण नाग हलेना. बारकूने काठीने ढोसलं, तर वेटोळं वाऱ्यावर उडालं. नुसती कात होती. शेपटीपासून फण्यापर्यंत अखंड!

केरबा गेल्यापासून बारकू पहिल्यांदाच हसला.

“वहिनी! कोमट पाणी आण!”

कात उलटी निघालेली असते. पाण्यात मऊ करून त्याने ती हलक्या हाताने सुलटी केली. मग बोरूच्या नळीतून लाकडाचा भुसा आत सोडायला लागला. हात घाई करायला बघायचा, की केरबाचा आवाज कानात यायचा, “कमी भर, बारक्या. त्याला श्वास घ्यायला जागा ठेव.” फण्यात बांबूची कामटी घातली. काजळी लावून अंग रंगवलं. राहिले डोळे. वहिनीने डबा उघडला आणि आपल्या तुटलेल्या मंगळसूत्रातले दोन काळे मणी त्याच्या तळहातावर ठेवले.

दसऱ्याला दरबार भरला. बारकूने टोपली पुढे ठेवली आणि झाकण काढलं.

“साप!”

भालदार मानकऱ्यांच्या मागे पळाला, मानकरी खांबांच्या मागे पळाले. महाराजांनी पाय गादीवर ओढून घेतले. अंताजीपंत तर समोरच्या चौरंगावर उडी मारून चढले!

बारकूने नाग उचलून गळ्यात घातला. “महाराज, माझं जनावर!”

मग महाराजांनी एक पाय हळूच खाली सोडला. नागाच्या फण्याला बोट लावलं. “भरलेला आहे?” त्यांच्या मिशा थरथरल्या. “काम झकास आहे. पण नियम मोडलास! मेलेल्या सापाला हात लावलास!”

“चाबूक मारा!” चौरंगावरून पंत ओरडले. “आणि खोली मला द्या!”

“मेलेला साप कुठला, महाराज?” बारकू म्हणाला. “ही कात आहे. तिचा मालक ती टाकून नव्या अंगरख्यात हिंडतोय. आमच्या परसातल्या लाकडांत असेल.”

“खोटं!” पंत म्हणाले. “यानेच मारलाय!”

“मग तुम्हीच जाऊन बघा ना, पंत. लाकडांत कोपरापर्यंत हात घालायचा. सापडेल.”

“मी? मी नाही घालणार!”

“का हो?”

“का म्हणजे? डसला तर?”

बारकू महाराजांकडे वळला. “ऐकलंत, सरकार? मेलेला साप कधी डसतो का? तो जिवंत आहे, हे पंतच सांगतायत!”

महाराज असे खदखदून हसले, की मंदिल डोक्यावरून घसरून मांडीवर पडला. “नियम माझा, आणि मलाच बांधून ठेवलंस की रे!” त्यांनी गळ्यातला कंठा काढून बारकूच्या गळ्यात घातला, नागाच्या शेजारीच. “आजपासून केरबाची खोली तुझी, हत्यारं तुझी. पंत, याला परवाना लिहून द्या. आणि किल्ली द्या!”

“देतो, महाराज,” पंत म्हणाले. “पण आधी त्याला तो साप टोपलीत घालायला सांगा!”

“भरलेलाच आहे तो!” महाराज ओरडले.

तरी पंत खाली उतरले नाहीत. किल्ली त्यांनी चौरंगावरूनच फेकली.